सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही (१ लिटर पेट्रोल, बाहेरून बसवलेला सीएनजी)

पायवाट:

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे उलट प्रश्न कमी पडतील.

गाडी २०१३ ची हॅचबॅक. १ लिटर, तीन सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) पेट्रोल, टायमिंग चेन, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल. धाव १,०४,००० किमी. २०१९ मध्ये सिक्वेन्शियल सीएनजी किट बाहेरून बसवलेलं आहे. गाडी पनवेलला उघड्यावर उभी असते आणि सध्या पावसाने झोडपलंय.

चावी फिरवली की सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. फट् असा एखादा ठोकाही नाही. दोन आठवड्यांपासून सकाळी सेल्फ जरा लांब मारावा लागत होता. मग दोन-तीनदा मारावा लागू लागला. काल सकाळपासून पूर्ण बंद. गाडी पेट्रोलवर चालू होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते. रोजचं धावणं जवळपास सगळं गॅसवरच. टाकीत पेट्रोल रिझर्व्हच्या जरासं वर.

आतापर्यंत पाहिलेलं: बॅटरी १२.५ व्होल्ट, फ्यूज सगळे शाबूत, एअर फिल्टर स्वच्छ. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽ असा पंपाचा आवाज येतो. ओबीडी स्कॅनर (गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, एकही कोड नाही. गॅरेजमध्ये सांगितलं की पंप बदलून बघू, नाही जमलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. ‘बदलून बघू’ हे पटत नाही. पंप वाजतोय, कोड नाही, सेल्फ चांगला. मग शोध कुठून आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा?

दहाचा पाना:

न पटणं रास्त आहे. पेट्रोल इंजिनाला हवा, मापात पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन लागतं. यातलं काय गायब आहे ते कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. सुरुवातीच्या तपासण्यांना पानाही लागत नाही.

पहिली तपासणी इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या दिव्याची. चावी ऑन केल्यावर तो दोनेक सेकंद लागून विझायला हवा. लुकलुकत राहिला तर ईसीयूला चावीची चिप ओळखू येत नाही. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी सेल्फ व्यवस्थित फिरतो, फक्त ईसीयू इंजेक्शन रोखून धरतो. अगदी हेच लक्षण. दुसरी चावी लावून बघा, आणि चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला काढा.

दुसरी, स्कॅनरच्या लाइव्ह डेटात सेल्फ मारताना आरपीएम किती दिसतं ते पहा. २०० ते ३०० दिसलं तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) बोलतोय. शून्य दिसलं तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही, म्हणून तो ठिणगीही देत नाही, पेट्रोलही नाही. कोड आला नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं धरू नका. काही गाड्यांत पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड नोंदला जायला बराच वेळ सेल्फ फिरवावा लागतो.

तिसरी, त्याच पडद्यावर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या हवेइतके हवेत, आपसांत चार-पाच अंशांहून जास्त फरक नको. कूलंटला उणे ४० दिसलं तर सेन्सरची तार तुटलीय. ईसीयू मग कडाक्याची थंडी समजून पेट्रोल ओततो आणि प्लग भिजतात.

चौथी सगळ्यात सोपी. सेल्फ न मारता चावी ऑन करा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असं चार वेळा करून मग सेल्फ मारा. प्रत्येक वेळी पंप थोडा थोडा दाब भरत जातो. यानंतर इंजिन पकडलं, निदान ठोका दिला, तरी शोध पेट्रोलच्या दाबाकडे वळवायचा.

शेवटी एक प्लग काढून बघा, ओला आहे की कोरडा. इतका सेल्फ मारूनही कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन शोधा. ओल्या प्लगवर एक करून पाहण्यासारखं: अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत अशा वेळी ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर हवेने कोरडे होतात.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती. सेल्फची मोटर तापते हे एक. दुसरं म्हणजे ठिणगी नसेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठतं, आणि गाडी चालू झाली की तिथे पेटून तो आतून वितळू शकतो.

वीजतंत्री:

वरचा क्रम बरोबर आहे. पंपाच्या आवाजाबद्दल दोन शब्द वेगळे, कारण बहुतेकजण तिथेच फसतात.

पंप वाजतो याचा अर्थ मोटर फिरते, एवढाच. ती ८ व्होल्टवरही फिरते आणि बाहेरून आवाज जवळपास तसाच येतो. दाब मात्र निम्म्याखाली जातो. कोड नसण्याचंही तेच. अशा साध्या एमपीएफआय गाडीत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर सहसा नसतोच. ईसीयू फार तर पंपाच्या रिलेची कॉइल तपासतो. रिले चिकटला की त्याच्या दृष्टीने पंप ठीक. रिलेपासून टाकीपर्यंत काय झालं ते त्याला दिसत नाही, म्हणून पी०२३० हा पंपाच्या सर्किटचा कोड येत नाही.

सेल्फ फिरत असताना बॅटरीचं व्होल्टेजही लिहा. ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, बाकी सगळं नंतर.

पायवाट:

आत्ताच करून पाहिलं.

इमोबिलायझरचा दिवा दोन सेकंदांत विझतो. सेल्फ मारताना आरपीएम २४० ते २६०. कूलंट २८, हवा २८. बॅटरी सेल्फखाली १०.३. मधल्या सिलिंडरचा प्लग काढला, खडखडीत कोरडा.

चावी चारदा ऑन-ऑफ करून सेल्फ मारला तर इंजिनाने पकडलं, दोन-तीन सेकंद थरथरत चाललं आणि बंद पडलं. नंतर पुन्हा नुसत्या सेल्फवर काहीच नाही.

रिड्यूसर:

किट सिक्वेन्शियल आहे म्हटल्यावर तुमच्या हातात एक अशी चाचणी आहे जी नुसत्या पेट्रोलच्या गाडीत करताच येत नाही. गाडी थेट गॅसवर चालू करून पहा.

बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये आणीबाणीची सोय असते. गॅस-पेट्रोलचं बटण दाबून धरायचं, तसंच चावी ऑन करायची, गॅसचे दिवे लागेपर्यंत बटण सोडायचं नाही, मग सेल्फ. किती सेकंद धरायचं हे किटप्रमाणे बदलतं, पुस्तिकेत दिलेलं असतं. चालू झाली तर नुसती हळू चालू द्या, रेस करू नका. गॅसच्या सिलिंडरमधला २०० बारपर्यंतचा गॅस रिड्यूसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणारा भाग) एकदम पसरतो तेव्हा तो कमालीचा थंड होतो. गरम कूलंट पोचायच्या आत जास्त गॅस ओढला तर रिड्यूसर गोठतो आणि आतल्या पडद्यांचं आयुष्य कमी होतं.

आता यातून काय कळतं ते नीट बघा. सिक्वेन्शियल किट स्वतःच्या मनाने गॅस सोडत नाही. गाडीचा ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरला जे ठोके देतो ते किट वाचतं आणि त्यावरून गॅसचे इंजेक्टर उघडतं. म्हणजे गाडी गॅसवर चालली तर ठिणगी, कॉम्प्रेशन, टायमिंग, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर आणि ईसीयूचे इंजेक्शनचे ठोके, एवढं सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं. ईसीयू बदलण्याचा विषय तिथेच संपतो.

मग दोनच वाटा उरतात. एक, टाकीपासून रेलपर्यंत (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब नाही. दोन, दाब आहे पण पेट्रोलचे इंजेक्टर उघडत नाहीत. ही दुसरी वाट किट असल्यामुळे येते. किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या तारा कापून किटच्या ईसीयूमधून फिरवतात, कारण गॅसवर असताना ते बंद ठेवायचे असतात. तिथला कनेक्टर ओला झाला तर पेट्रोलवर परतल्यावरही इंजेक्टर बंदच राहू शकतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टिकटिक स्पष्ट ऐकू आली तर ही वाट सोडून द्या.

तिसरा गिअर:

लाखावर धाव, टाकी कायम रिझर्व्हवर. पंप गेला, दुसरं काय असणार? पंपाची मोटर भोवतीच्या पेट्रोलने थंड होते, कमी पेट्रोलात ती जळते. मोजमापात दोन दिवस घालवण्यापेक्षा पंप बदला आणि मोकळे व्हा.

वीजतंत्री:

पंप गेलेला असण्याची शक्यता मीही नाकारत नाही. रिझर्व्हवर चालवणाऱ्या सीएनजी गाड्यांत तो लवकर जातो, हे खरंच आहे. पण कमी दाबाची कारणं निदान चार: थकलेला पंप, चोंदलेली जाळी किंवा फिल्टर, आतून गळणारा रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा), आणि पंपापर्यंत न पोचणारी वीज. शेवटच्या कारणात नवा पंप घातला तरी गाडी तशीच उभी राहील. किंवा चार दिवस चालेल आणि मग परत. टाकी उघडायच्या आधी अर्धा तास मोजमापाला देणं केव्हाही स्वस्त.

पायवाट, आधी दाब. पंपाचा रिले काढा, सेल्फ तीन-चार सेकंद मारा म्हणजे लाइनमधला उरलासुरला दाब निघून जाईल. बॅटरीची ऋण तार काढा. मग रेलकडे येणाऱ्या नळीत टी जोडून गेज लावा. कनेक्टर सोडताना खाली फडकं धरा. इंजिन थंड हवं, गॅसच्या सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद हवा, आणि आसपास पेटतं काही नको. घरी गेज नसेल तर हे गॅरेजकडून करून घ्या. पेट्रोलच्या लाइनवर जुगाड करू नका. पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी नसलेल्या, एकाच नळीच्या रचनेत दाब साधारण ३ बारच्या आसपास हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. चावी बंद केल्यावरही तो पाच मिनिटं बऱ्यापैकी टिकायला हवा. भराभर उतरला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

दाब कमी निघाला तर पंपाला वीज किती मिळते ते मोजा. ती पंप चालू असतानाच मोजायची. कनेक्टर सोडून नुसत्या तारेवर मीटर लावलं तर १२ व्होल्ट दिसतील आणि सगळं छान वाटेल, कारण प्रवाह वाहत नसताना खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही. चाचणी-दिवा लावण्यातही तीच फसगत. छोटा दिवा पाव-अर्धा अँपिअर ओढतो, पंप चारच्या घरात.

पंप सलग चालू ठेवायला रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ क्रमांकाच्या पिना १५ अँपिअर फ्यूज असलेल्या तारेने जोडा आणि चावी ऑन करा. आकडे रिलेच्या बुडावर छापलेले असतात. ८५ आणि ८६ ला अजिबात हात लावू नका, ती ईसीयूकडची बाजू आहे. आता पंपाच्या कनेक्टरच्या मागून मीटरच्या सुया सरकवून तीन मापं घ्या: पंपाच्या धन आणि ऋण पिनांमध्ये, बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन पिनेपर्यंत, आणि पंपाच्या ऋण पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. तिन्हींची बेरीज त्या क्षणीच्या बॅटरी व्होल्टेजएवढी यायला हवी, म्हणजे माप चुकलं नाही हेही कळतं. दुसरं आणि तिसरं प्रत्येकी अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मापं झाली की जोडतार लगेच काढून रिले जागेवर.

कोयनाकाठ:

मध्येच विचारतो, क्षमस्व. नुसत्या पेट्रोलच्या गाडीत सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतं आणि इंजिन गार झालं की तासाभराने गाडी आपोआप चालू होते. हे क्रँक सेन्सरचंच ना?

दहाचा पाना:

बहुधा तोच. गरम झाल्यावर आतली जोडणी किंवा सर्किट सुटतं, गार झाल्यावर परत जुळतं. पण आधी त्याचा कनेक्टर काढून आत तेल किंवा पाणी शिरलंय का पहा, आणि तार एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर वितळलेली जागा शोधा. सेन्सर दोन पिनांचा असेल तर तो चुंबकीय कॉइलचा, ओहममध्ये मोजता येतो. मोजायचा तो बिघाड असताना, गरम असताना. तीन पिनांचा असेल तर हॉल जातीचा. त्याला ओहमने तपासू नका, त्यातून काहीच कळत नाही. त्याला पुरवठ्याचं व्होल्टेज आणि अर्थ (ऋण जोडणी) मिळतो का ते पहा, आणि सिग्नलच्या तारेवर इंजिन हाताने फिरवताना व्होल्टेज वर-खाली होतं का ते बघा.

आरपीएम येत असूनही गाडी पकडत नसेल तर ठिणगी बघावी लागते. प्लग हातात धरून किंवा कॉइल लोंबकळत ठेवून ठिणगी बघू नका. स्पार्क टेस्टर लावा आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, नाहीतर उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि शेजारीच ठिणगी उडत असते.

आणि कान उघडे ठेवून सेल्फ ऐका. नेहमीचा सेल्फ चढ-उतार करत फिरतो, प्रत्येक कॉम्प्रेशनला जरासा अडखळतो. तो एकदम हलका, सरळसोट, शिलाई मशीनसारखा फिरू लागला तर कॉम्प्रेशन गेलंय. टायमिंग बेल्टच्या गाडीत बहुधा बेल्ट तुटलाय किंवा दात सोडलेत. तिथे लगेच थांबा. पुढचा प्रत्येक सेल्फ व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटवू शकतो. कॉम्प्रेशन मोजायचं झालं तर सगळे प्लग बाहेर, पंपाचा रिले बाहेर, कॉइल सोडलेल्या, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. निरोगी इंजिन १२ बारच्या आसपास देतं, आणि सिलिंडरांमध्ये बारभराहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चहाचा चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

पण तुमचा बिघाड वेगळा आहे, वेगळा धागा काढलात तर तपशिलात बोलता येईल.

पायवाट:

आजची मापं.

बटण दाबून धरून थेट गॅसवर: पहिल्याच सेल्फला चालू, आवाज एकसारखा. पाच मिनिटं चालवून बंद केली. पेट्रोलच्या इंजेक्टरची टिकटिक तिन्हींवर ऐकू येते.

ओळखीच्या मेकॅनिकने गेज आणलं. चावी ऑनवर दाब १.२ बार. पंप सलग चालवला तरी १.३ च्या वर नाही.

पंप चालू असताना बॅटरी १२.१. पंपाच्या पिनांमध्ये ८.७. धन बाजूला ३.१ व्होल्ट पडतात, ऋण बाजूला ०.३. प्रवाह ४ अँपिअर.

वीजतंत्री:

सापडलं. ८.७, ३.१ आणि ०.३ मिळून १२.१, म्हणजे मापं पक्की आहेत. धन बाजूच्या तारेत ३.१ भागिले ४, म्हणजे पाऊण ओहमहून थोडा जास्त रोध बसलाय. चांगल्या तारेत तो याच्या दहाव्या हिश्श्याचाही नसतो. तीन व्होल्ट गुणिले चार अँपिअर, बारा वॅट उष्णता एका जोडावर निघतेय. पंप दोन मिनिटं चालवून हात फिरवलात तर तो जोड हाताला गरम लागेल.

दोन आठवड्यांत हळूहळू बिघडत जाण्याचा उलगडाही यातच आहे. सेल्फ मारताना तुमची बॅटरी १०.३ वर येते. त्यातून तीनेक व्होल्ट वाटेत गेले की पंपाला जेमतेम सात उरतात. चावी नुसती ऑन केल्यावर मिळतो तो दाबही सेल्फखाली टिकत नाही. म्हणून चारदा भरून घेतल्यावर दोन-तीन सेकंद चालली आणि साठलेलं संपताच बंद पडली.

आता मीटरची एक सुई बॅटरीच्या धनावर कायम ठेवा आणि दुसरी रिलेच्या ८७ पासून मागे मागे सरकवत न्या. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम उडी घेईल तिथेच दोष.

रिड्यूसर:

एवढं फिरायचीही गरज पडणार नाही बहुधा. बाहेरून किट बसवताना काही फिटर पंपाची धन तार कापून तिच्यात एक जादा रिले घालतात, गॅसवर असताना पंप बंद राहावा म्हणून. तो रिले सहसा मागच्या सीटखाली गालिच्याखाली किंवा डॅशखाली डाव्या कोपऱ्यात असतो, आणि जोड नुसते पिळून काळी टेप मारलेले. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो, पावसाळ्यात आत ओल शिरते आणि तांबं हिरवं पडतं. किटच्या वायरिंगमधून पंपाच्या तारेला कोणी भेटायला आलंय का ते बघा.

सापडला तर माझं स्पष्ट मत असं की रिले काढून टाका आणि कंपनीची तार परत सलग करा. पंप गॅसवरही फिरत राहील, पण टाकीत पुरेसं पेट्रोल असेल तर त्याचं काही बिघडत नाही, आणि गॅस मध्येच संपला तर पेट्रोलवर जाताना इंजिन धक्का खात नाही. पंप वाचवायला रिले घालणाऱ्यांचा हेतू समजतो. पण टाकी कोरडी ठेवायची आणि रिलेवर भरवसा ठेवायचा, यात पंपही वाचत नाही आणि एक कच्चा जोड मात्र वाढतो.

जोडासाठी १.५ चौरस मिमीची तार, टिनचा मुलामा असलेली जोडनळी नीट दाबून, त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी. डाग (सोल्डर) द्यायचा असेल तर तार आधी यांत्रिकपणे घट्ट बसलेली हवी. टेप नको.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोणी म्हणालं की बॅटरीवरून पंपाला थेट तार ओढून देतो, तर ती ओढू देऊ नका. कंपनीचा रिले ईसीयूच्या ताब्यात असतो. इंजिन थांबलं की तो पंप बंद करतो. अपघातात नळी फुटली तर पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ती व्यवस्था आहे. दुरुस्ती त्या रिलेच्या पुढेच व्हायला हवी, त्याला वळसा घालून नव्हे.

तिसरा गिअर:

पंप बदला म्हणालो होतो, ते मागे घेतो. मापं पाहिल्यावर शंका उरत नाही. पण आता एवढा उघडलाच आहे विषय तर टाकीतलं पेट्रोलही बघा. दोन-तीन महिने तेच पेट्रोल पडून असेल तर त्यात पाणी नाही ना हे तपासा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल धरतं. मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते.

दहाचा पाना:

चांगली आठवण. पाव लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून वीस मिनिटं स्थिर ठेवा. एकसारखं आरपार दिसलं तर ठीक. खाली वेगळा थर किंवा सगळीकडे धूसरपणा असेल तर टाकी रिकामी करा. नवं पेट्रोल त्याच्यावर ओतून ते सुधारत नाही.

पायवाट:

जोड सापडला. रिड्यूसर यांनी सांगितलं तसाच, मागच्या सीटखाली डाव्या बाजूला, गालिच्याच्या ओल्या फोमखाली. जादा रिलेचे दोन्ही जोड टेपमध्ये होते. एकातली तार हिरवी होऊन सहा-सात धाग्यांवर आली होती आणि रिलेच्या पिनेचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. रिले काढला, तार सलग केली, जोड सीटच्या चौकटीला वर बांधला. पंपाची अर्थ तार बॉडीला बसते तो बोल्टही काढून, घासून परत आवळला.

पंप चालू असताना आता: बॅटरी १२.१, पंपाच्या पिनांमध्ये ११.७, धन बाजू ०.२, ऋण बाजू ०.२. दाब ३.० बार. चावी बंद केल्यावर पाच मिनिटांनी २.६. पेट्रोलवर पहिल्या सेल्फला चालू. बाटलीतलं पेट्रोल आरपार, थर नाही. तरी १० लिटर ताजं भरलं.

एकच शंका उरली. किटमधून या रिलेला येणारी कॉइलची तार आता मोकळी आहे. ती तशीच ठेवली तर किट कोड देईल का?

रिड्यूसर:

त्या रिलेची कॉइल बहुधा गॅसच्या सोलेनॉइडच्या (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तारेवरच जोडलेली असते. मीटर लावून खात्री करा: गॅसवर गेल्यावर १२ व्होल्ट, पेट्रोलवर शून्य, असं आलं तर तीच. किटला त्या रिलेची स्वतंत्र खबर नसते, त्यामुळे कोड येणार नाही. पण ती तार उघडी टोकाने सोडू नका. गॅसवर असताना बॉडीला टेकली तर किटचा फ्यूज जाईल आणि गाडी चालता चालता पेट्रोलवर येईल. जिथून फांदी काढलीय तिथपर्यंत मागे जाऊन ती मुळातूनच काढा आणि मूळ तार नळीने बंद करा. फोम मात्र बाहेर काढून पूर्ण वाळवा. दरवाज्याच्या रबरमधून पाणी येतंय की मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून, ते नळाचं पाणी सोडून बघा.